जयवंताच्या नावाची बाटली

माझ्या फ्रिजच्या दारात, लोणच्याच्या बरणीशेजारी, एक बाटली उभी आहे. आत पिवळाजर्द ठेचा, बाहेर पांढरी चिकटपट्टी आणि पट्टीवर निळ्या शाईत ठसठशीत अक्षरं : जयवंत. तिला हात लावायची घरात कुणाची टाप नाही. आलेगेलेले विचारतात, "हा जयवंत म्हणजे कुठला नवा ब्रँड?" मी सांगते, "ब्रँड नाही, माणूस आहे. नालायक माणूस." मग नानांची गोष्ट निघते, चहा गार होतो आणि माझं डोकं गरम होतं.

नाना पेडणेकर सिंगापुरात, टॅम्पिनीसला, आमच्याच मजल्यावर, कॉरिडॉरच्या पार टोकाला राहायचे. मूळचे वेंगुर्ल्याचे, जहाजांवर चीफ इंजिनियर होते. मूलबाळ नव्हतं, आणि बायको आम्ही तिथे राहायला जायच्या आधीच गेलेली. एवढंसुद्धा मला दोन वर्षांनी कळलं, कारण नाना स्वतःविषयी फारसं बोलत नसत. बोलत ते बेटांविषयी आणि जयवंताविषयी. बेटांविषयी बोलताना आवाज मऊ व्हायचा, जयवंताविषयी बोलताना मालवणी व्हायचा.

आमची पहिली भेट म्हणजे भांडणच. मी सकाळी रॅफल्स प्लेसच्या ऑफिसला निघालेली, उशीर झालेला, डोळे फोनमध्ये. लिफ्टमध्ये शिरले तर पांढऱ्या शर्टातले एक उंच गृहस्थ म्हणाले, "गुड मॉर्निंग." माझं लक्षच नाही. लिफ्ट हलेना. बघते तर ह्यांनी दार उघडं ठेवायचं बटण अंगठ्याने दाबून धरलेलं! पुन्हा शांतपणे, "गुड मॉर्निंग." मागून एक चिनी अंकल वैतागून म्हणाले, "से लाह, से लाह! नो गुड मॉर्निंग, ही नेव्हर लेट गो!" मी म्हटलं एकदाचं. लिफ्ट निघाली. मी साताऱ्याची, राग नाकावर. पुटपुटले, "काय वेडा म्हातारा आहे!"

"वेडा आहे," शुद्ध मराठीत उत्तर आलं. "म्हातारा नाही."

खाली पोहोचेपर्यंत मी लाजेने अर्धी झाले होते. त्यांनीच मग एमआरटीच्या, म्हणजे मेट्रोच्या, स्टेशनापर्यंत चालता चालता सांगितलं. कॅरिबियन समुद्रातल्या लहान बेटांवर दुकानात पाऊल टाकलं की आधी गुड मॉर्निंग म्हणायचं, समोरच्याने परत म्हणेपर्यंत थांबायचं, मगच पाव मागायचा. तसं न करता "ब्रेड आहे का?" विचारलंत तर ब्रेड समोर दिसत असला तरी "नाही" म्हणतात. "बरोबरच आहे," नाना म्हणाले. "पाव काय, कुठेही मिळतो."

ही रीत त्यांनी सिंगापुरात चालवायला घेतली, म्हणजे काय झालं असेल बघा. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या बाजारात, कॉफीच्या रांगेत ते गुड मॉर्निंग म्हणून थांबत. कॉफीवाली आंटी ओरडे, "व्हॉट यू वॉन्ट?" नाना ढिम्म. मागची रांग चुळबुळायला लागे. शेवटी आंटी दात ओठ खात "मॉर्निंग, मॉर्निंग!" म्हणे आणि नाना आपली ऑर्डर देत. तीन वर्षांनी तीच आंटी नानांना लांबून बघून आधी हात वर करायला लागली. हट्टी माणूस. सुंभ जळेल, पण पीळ जायचा नाही.

दुसरी खोड अशी की तुम्ही काही सांगितलंत की ते आधी तेच परत म्हणायचे.

"नाना, दोन लिंबं आहेत का?"

"दोन लिंबं. देतो."

"नाना, शनिवारी जेवायला या."

"शनिवारी जेवायला. येतो."

माझी मुलगी म्हणायची, "ममी, ही इज लाइक अ रोबॉट लाह!" पण तो जहाजावरचा नियम. वरून, म्हणजे कॅप्टन उभा असतो त्या ब्रिजवरून, हुकूम आला की इंजिनरूममधल्या माणसाने तो परत म्हणायचा. म्हणजे देणाऱ्याला कळतं की ऐकला, आणि घेणाऱ्याला पुढे "मी ऐकलाच नव्हता" असं म्हणता येत नाही. "परत म्हटलं की ते आपलं झालं," नाना म्हणायचे. त्यांनी परत म्हटलेली गोष्ट कधी झाली नाही असं मी पाहिलं नाही. एक सोडून. त्या एकाच गोष्टीची ही सगळी कथा आहे.

त्यांच्या दारासमोर कॉरिडॉरमध्ये मिरचीच्या कुंड्यांची रांग होती. मिरची आपली नव्हे. बुटकी, फुगीर, सुरकुतलेली, चेपलेल्या टोपीसारखी, आणि तिखट किती म्हणाल तर चिरताना शेजारच्या घरात शिंका. तिचं बी नानांनी त्या बेटांवरून खिशात घालून आणलेलं. तिचा पपई, मोहरी आणि व्हिनेगर घालून ठेचा करायचे आणि सगळ्या मजल्याला बाटल्या वाटायचे. एक बाटली मात्र वेगळी, फ्रिजच्या वरच्या कप्प्यात. दर वर्षी तीत ताजा ठेचा भरला जाई, पट्टी मात्र जुनीच. मी एकदा विचारलं, "जयवंत कोण?"

नाना म्हणाले, "बस. सांगतो."

तेव्हा ते एका छोट्या मालवाहू जहाजावर होते. ग्रेनाडापासून वर डॉमिनिकापर्यंत, एका बेटावरून दुसऱ्या बेटावर सिमेंट, कांदे, गॅसचे सिलिंडर, कोंबड्या, कुणाच्या लग्नाचं कपाट, असं वाहत फिरायचं. वाटेत एका लहान बेटावर एक गाव होतं. त्याचं नाव नाना घेत नसत, "आमचा धक्का" म्हणायचे. दर पंधरा दिवसांनी जहाज तिथे लागायचं आणि दोन दिवस थांबायचं. धक्क्यावर मिस आयोन नावाच्या बाईची बेकरी होती. नाना तिथे जाऊन पडायचे. तिच्या परसात नीरफणसाचं झाड होतं. आता वेंगुर्ल्याचा माणूस, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला नीरफणस दिसल्यावर त्याचं काय झालं असेल! ती तो निखाऱ्यावर अख्खा भाजायची. नानांनी तिला कापं करायला शिकवलं, हळद-तिखट लावून, रव्यात घोळवून. पुढे गावात ती "चीफ्स चिप्स" म्हणून विकली जायला लागली. रविवारी झाडाखाली डोमिनोचा डाव पडायचा. तिकडे सोंगटी ठेवत नाहीत, टेबलावर हाणतात. नाना सांगायचे, "तिथे मी एकदासुद्धा जिंकलो नाही गो. आणि एकदासुद्धा त्याचं वाईट वाटलं नाही."

आणि बाटल्यांची चाल मिस आयोनचीच. तिच्या दुकानात मागच्या फळीवर ठेच्याच्या बाटल्या असत, नावं लावलेल्या. ज्याने आपल्याशी वाईट केलं त्याच्या नावाची बाटली भरायची आणि मुरत ठेवायची. त्या माणसाशी भांडायचं नाही, मागून बोलायचं नाही. तो एक दिवस येतो, समोर बसतो, चूक कबूल करतो आणि बाटलीतला चमचाभर ठेचा सगळ्यांदेखत खातो. नाकाडोळ्यांतून पाणी वाहतं, बघणारे हसतात, भांडण संपतं. येत नाही त्याची बाटली फळीवरच राहते, गाव रोज वाचतं.

मिस आयोनला मोठी गॅसची भट्टी हवी होती. कितीतरी वर्षं ती लाकडावर पाव भाजत होती. शेवटी भट्टी मागवली आणि तिने नानांना बजावलं, "चीफ, ती तुझ्या जहाजातून येतेय. सुखरूप आण." नाना म्हणाले, "सुखरूप. आणतो."

जहाजाचा कॅप्टन होता जयवंत. पुण्याचा. त्या दिवशी गावात कोळ्यांचा सण, सगळा गाव वाळूवर उतरलेला. खडकांपासून लांबून, पाण्यावर तरंगत्या खुणेच्या बोयाला वळसा घालून धक्क्याला लागायची नेहमीची वाट. पण जयवंताला पांढऱ्याशुभ्र युनिफॉर्मात लोकांनी आपल्याला बघावं अशी हौस. बोया सोडून त्याने जहाज सरळ किनाऱ्याजवळून घेतलं. नाना खाली इंजिनरूममध्ये. वरून ना हुकूम ना काही. मग एकदम खालून खरवडल्यासारखा आवाज आला आणि पाणी शिरलं. माणसं वाचली. माल अर्धा गेला. गावातल्या शाळेची बाकं गेली. डेकवर बांधलेली भट्टी दोर तुटून समुद्रात गेली.

चौकशी दुसऱ्या बेटावर, एजंटच्या ऑफिसात झाली. जयवंताने शपथेवर सांगितलं, "मी वेळेत फुल अस्टर्न, म्हणजे इंजिन पूर्ण उलट फिरवायचा हुकूम, दिला होता. टेलिग्राफची घंटा वाजतच राहिली, खालून उत्तर आलं नाही." हा टेलिग्राफ म्हणजे हुकूम देण्याचा दांडा. वर दांडा ओढला की वर-खाली दोन्हीकडे घंटा वाजते, आणि खालच्याने आपला काटा जुळवून उत्तर देईपर्यंत थांबत नाही. मेटने, म्हणजे कॅप्टनच्या हाताखालच्या अधिकाऱ्याने, आणि सुकाणूवाल्याने मान डोलावली, घंटा वाजत होती म्हणून. नानांकडे हुकुमांची वेळ लिहिलेली इंजिनरूमची वही होती. ती कॅप्टनने ताब्यात घेतली आणि मग म्हणाला, "भिजली." तिघांविरुद्ध एक. दुसऱ्या दिवशी नानांना विमानात बसवलं. गावात पाय ठेवू दिला नाही. पुढे कुठल्याच कंपनीने त्यांना जहाजावर घेतलं नाही. सिंगापूरला येऊन आंग मो किओच्या एका कारखान्यात ते कॉम्प्रेसर सांभाळत बसले, निवृत्त होईपर्यंत. "इंजिन ते इंजिनच," म्हणायचे, "पण हे मेलं कुठे जात नाही."

मी म्हटलं, "गावाला पत्र तरी लिहायचं!"

"काय लिहू? माझं इंजिन ठीक होतं? बुडवणारा प्रत्येक जण तेच लिहितो. त्या बाईला मी सुखरूप म्हणालो होतो, वसुधा. ती काय समजत असेल माझ्याबद्दल? आधी त्या मेल्याच्या तोंडून वदवीन, चार माणसांत. मग लिहीन."

ह्याला बावीस वर्षं झाली होती. बावीस वर्षं हा माणूस बाटलीत ठेचा भरत बसला होता! तुम्ही म्हणाल, सोडून द्यावं माणसाने. मी नाही म्हणणार. दुसऱ्याची अब्रू बुडवून स्वतः पेन्शन खाणाऱ्याला सोडून द्यायचं कशासाठी? त्या रात्री मला झोप नाही. जयवंताचं तोंडही पाहिलेलं नसताना मनातल्या मनात मी त्याच्या शंभर थोबाडीत दिल्या.

आणि मग एका गुरुवारी आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर पोस्टरचा मसुदा आला. 'दर्याचे दिवस : कॅप्टन जयवंत यांचे अनुभवकथन'. पाहुणे म्हणे पुण्याहून लेकीकडे सिंगापूरला आले आहेत, कमिटीने त्यांचा सत्कारही ठेवलाय, आणि शाल-नारळ द्यायचं काम कुणाकडे? वसुधाताईंकडे! मी अक्षरशः धावत कॉरिडॉरच्या टोकाला गेले. नाना मिरच्यांना पाणी घालत होते. मी एका दमात सगळं सांगितलं. त्यांनी झारी खाली ठेवली.

"रविवारी. अकरा वाजता. कम्युनिटी क्लब," ते म्हणाले. "येतो."

रविवारी ते आले ते इंजिनरूममधल्या पांढऱ्या बॉयलर सूटमध्ये, कडक इस्त्री केलेल्या. हातात कापडी पिशवी. मागच्या रांगेत बसले. मी पुढे बाजूला, फोनचा व्हिडिओ चालू करून. जयवंत दिसायला देखणा, आवाज खर्जातला, बोलणं गोड. मला तर आणखीनच संताप आला. डॉल्फिन झाले, वादळ झालं, बेटांवरची "साधीभोळी माणसं" झाली, आणि मग गाडी अपघातावर आली.

"खडक समोर दिसत होता," जयवंत हात पसरून म्हणाला. "मी फुल अस्टर्नचा हुकूम दिला. खालून उत्तर नाही! इंजिनाने दगा दिला होता. त्या क्षणी ब्रिजवर टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता होती, मित्रहो. अजून ती शांतता माझ्या कानांत आहे."

लोक श्वास रोखून ऐकत होते. मागून आवाज आला, "गुड मॉर्निंग, कॅप्टन."

सगळ्यांच्या माना वळल्या. नाना उभे होते. जयवंत डोळे बारीक करून बघायला लागला. नाना थांबले. अध्यक्ष म्हणाले, "प्रश्नोत्तरं नंतर घेऊ या." नाना हलले नाहीत.

"गुड मॉर्निंग," शेवटी जयवंत म्हणाला. त्याचा चेहरा उतरलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला.

"खालून उत्तर आलं नाही म्हणालात. बरोबर?"

"बरोबर."

"मग घंटा वाजत असणार. उत्तर येईपर्यंत ती थांबत नाही. चौकशीत तुम्ही तिघांनी शपथेवर तेच सांगितलं होतंत. मग त्या घंटेच्या आवाजात टाचणी कशी ऐकू आली, कॅप्टन?"

आमच्या मंडळात दहा-बारा दर्यावर्दी आहेत. आधी त्यांतला एक जण फिसकन हसला. मग दुसरा. मग सगळी ती रांग. बाकीच्यांना कळायला थोडा वेळ लागला, पण कळलं. खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात तो असा बसतो. स्वतःचंच जुनं खोटं विसरून ह्या शहाण्याने त्यावर नवं चढवलं होतं, ते शोभून दिसतं म्हणून.

"इतकी वर्षं झाली, चीफ," जयवंत घाम पुसत म्हणाला. "हुकूम द्यायला... थोडा उशीर झाला असेल माझ्याकडून."

"उशीर झाला. तुमच्याकडून," नानांनी परत म्हटलं. "बरोबर?"

"...बरोबर."

नाना पुढे आले. पिशवीतून बाटली काढली, चमचा काढला, दोन्ही टेबलावर ठेवलं. "एक चमचा. मग संपलं."

जयवंताने पट्टीवरचं स्वतःचं नाव वाचलं. बावीस वर्षांचं मिटवायला एक चमचा पुरणार होता. पण कसलं काय! "हा काय तमाशा आहे?" म्हणत तो उठला आणि लेकीला घेऊन जेवण टाकून टॅक्सीत बसला. अध्यक्ष माझ्यावर उखडले, "पाहुण्यांचा असा अपमान? अहो, शाल तरी द्यायची होती!" मी म्हटलं, "शाल मी परत करणार आहे दुकानात. आणि नारळाची चटणी." आयुष्यात इतकं बरं मला क्वचित वाटलं आहे, खोटं कशाला बोलू?

नाना मात्र बाटली पुन्हा पिशवीत घालत होते.

नानांकडून गावाचं नाव एकदाचं वदवून घेतलं आणि तिथल्या चर्चचं पान मी इंटरनेटवर शोधून काढलं. व्हिडिओ पाठवला, खाली इंग्रजीत कोण काय म्हणालं ते लिहिलं आणि मिस आयोन असतील तर त्यांना दाखवा म्हटलं. पाच दिवस काही नाही. नाना दर संध्याकाळी येऊन विचारायचे, "आलं काही?" आणि नाही म्हटलं की "नाही आलं" म्हणून परत जायचे. सहाव्या दिवशी एक बोललेला निरोप आला. मी नानांना बोलावलं, फोन डायनिंग टेबलावर मधोमध ठेवला.

म्हाताऱ्या बाईचा घोगरा आवाज. "गुड मॉर्निंग." आणि मग शांतता. मला वाटलं, निरोप संपला की काय. तेवढ्यात नाना फोनकडे वाकून म्हणाले, "गुड मॉर्निंग, मिस आयोन." जणू ते ऐकूनच ती पुढे बोलायला लागली.

तिचं बोलणं मी मराठीत सांगते. "चीफ, हा व्हिडिओ तुला कुणी मागितला होता? त्या दिवशी सगळा गाव वाळूवर उभा होता. तो पांढरा पोपट खिडकीतून टोपी हलवत होता, ते आम्ही सगळ्यांनी बघितलं. एजंटला सांगायला गेलो, त्याने ऐकून घेतलं नाही. भट्टी आम्ही दोर लावून बाहेर काढली. गंज खरवडला. अजून तिच्यातच पाव भाजते. जहाजासाठी मी तुझ्यावर एक दिवस रागावले नाही. रागावले, कारण तू आला नाहीस. पत्र नाही, निरोप नाही. आम्ही तुला चोर समजू असं तुला वाटलं? आम्हाला तू एवढंच ओळखलंस? माझ्या फळीवर तुझ्या नावाची बाटली आहे. बावीस वर्षांची. मी मरायच्या आत ये."

नाना कितीतरी वेळ टेबलाच्या कडेवर अंगठा घासत बसले. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि खरं सांगते, पहिल्यांदाच तो जयवंताचा नव्हता, नानांचा होता. एक पत्र लिहिलं असतं तर! त्या माणसाने जहाज बुडवलं, नाव बुडवलं, हे खरं. पण आमचा धक्का, नीरफणस, डोमिनो, हे सगळं बावीस वर्षं ह्यांनी स्वतःच फ्रिजमध्ये ठेवलं होतं. मी तसं बोलूनही दाखवलं.

नाना म्हणाले, "खरं आहे." मग फोनकडे बघून इंग्रजीत, "मरायच्या आत. येतो."

महिन्याभरात निघाले. कुंड्या मजल्यावर वाटून टाकल्या. जयवंताची बाटली माझ्या हातात दिली. "त्याची लेक इथेच राहते. तो पुन्हा येईल. मी असेन-नसेन." मी म्हटलं, "जयवंत येईल. चमचा मी भरवीन." नाना पहिल्यांदाच परत न म्हणता नुसते हसले. सकाळची वेळ, लिफ्ट ऑफिसला जाणाऱ्यांनी भरलेली. नाना बॅग घेऊन शिरले, आणि ते तोंड उघडायच्या आत ते चिनी अंकल म्हणाले, "मॉर्निंग, चीफ." दार मिटलं.

परवा चर्चच्या पानावरून मला एक व्हिडिओ आला. झाडाखाली टेबल, मागे गंजाचे डाग असलेली भलीमोठी भट्टी, भोवती निम्मा गाव. मध्ये स्टुलावर नाना, त्याच बॉयलर सूटमध्ये. समोर काठी टेकून काळीसावळी, वाळून गेलेली म्हातारी, हातात बाटली, बाटलीवर 'चीफ'. तिने चमचा भरला. नानांनी खाल्ला. डोळ्यांतून धारा, नाकातून धारा, चेहरा लालबुंद, गाव टेबल बडवून हसतोय. मला वाटलं, झालं, संपलं. पण बाई हलली नाही. तिने पुन्हा चमचा भरला.

"वन मोर," ती म्हणाली.

"वन मोर," नाना म्हणाले, आणि त्यांनी तोंड उघडलं.